मृत्यूभोवती बांधलेली भिंत

गॉथिक कथेतल्या मृत्यूच्या प्रतीकांची यादी करायला बसले, तर ती फार लवकर पुरी होते. काळा कावळा, कवटी, मध्यरात्रीचे ठोके, विझत आलेली मेणबत्ती, पांढरीफटक पडलेली तरुणी. ही यादी चुकीची नाही, पण तिच्याने कथा उघडत नाही. कारण यातली बहुतेक चिन्हे कथेपेक्षा कितीतरी जुनी आहेत. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या भिंतींवर राजाचा, बिशपचा, शेतकऱ्याचा हात धरून नाचणारे सांगाडे रंगवलेले असत. हान्स होल्बाइनच्या १५३८ साली छापल्या गेलेल्या लाकूडठशांच्या चित्रांतही तोच सांगाडा प्रत्येकाच्या दारात उभा राहतो. तिथे मृत्यू बाहेरून येतो आणि माणसाला घेऊन जातो. त्यात संशयाला जागा नाही.

एडगर ॲलन पो आणि त्याच्या आगेमागे लिहिणाऱ्यांनी ही जुनी चिन्हे वापरली खरी, पण कथेचा भार मात्र वेगळ्याच गोष्टीवर टाकला. ती गोष्ट म्हणजे भिंत. आणि भिंतीच्या गोतातली सगळी मंडळी: दार, कडी, तळघर, शवपेटीचे झाकण, तोंडावरचा पडदा. माझे म्हणणे एवढेच आहे की या कथांमध्ये मृत्यूची खूण मेलेल्या माणसाकडे शोधू नये. जिवंत माणसाने स्वतःच्या आणि मृत्यूच्या मध्ये जे काही बांधले, तिकडे पाहावे. ते बांधकाम नीट न्याहाळले की कथा बोलू लागते.

१८४२ च्या मे महिन्यात ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये आलेली ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ घेऊ. राज्यात रक्ताची साथ पसरली आहे. रोग जडल्यापासून अर्ध्या तासात माणूस संपतो. अर्धे राज्य ओस पडल्यावर राजपुत्र प्रॉस्पेरो हजार निरोगी, हसतमुख सरदार आणि स्त्रिया निवडतो आणि त्यांना घेऊन एका तटबंद मठात जाऊन राहतो. आत शिरल्यावर मंडळी भट्ट्या आणि हातोडे आणून दारांच्या कड्या वितळवून जोडून टाकतात. हा तपशील बहुतेक वाचक घाईने ओलांडतात, आणि माझ्या मते कथेची किल्ली तिथेच पडलेली आहे. कडी घातली असती तर ती काढता आली असती. जोडून टाकलेली कडी बाहेरच्याला आत येऊ देत नाही आणि आतल्याला बाहेरही जाऊ देत नाही. पोने ते लपवलेले नाही. कोणाला अचानक निराशेचा किंवा वेडाचा झटका आला तरी बाहेर पडायची वाट राहू नये, हाच त्यांचा हेतू असल्याचे तो सांगतो. जगण्यासाठी केलेल्या बंदोबस्ताची रचना थडग्यासारखी झाली आहे.

आता त्या मठाच्या आत पाहा. मेजवानीसाठी सात दालने आहेत, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी. निळे, जांभळे, हिरवे, नारिंगी, पांढरे, गर्द जांभळे आणि शेवटचे काळे. उगवतीकडून मावळतीकडे जाणारी ही वाट म्हणजे माणसाचे आयुष्य, असा अर्थ सगळेच लावतात आणि तो बरोबरच आहे. पण मला त्या दालनांच्या खिडक्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. प्रत्येक दालनाला रंगीत काचेची उंच खिडकी आहे, पण ती बाहेरच्या आकाशाकडे उघडत नाही. शेजारच्या बंद बोळात उघडते. दालनात दिवा नाही. बोळात तिवईवर आगटी पेटवलेली, तिचा उजेड काचेतून आत झिरपतो. सहा दालनांत काचेचा रंग भिंतींच्या रंगाशी जुळतो. सातव्यात भिंती काळ्या मखमलीच्या आणि काच रक्तासारखी लाल. त्या उजेडात उभे राहायला फार थोडे लोक धजतात.

हे दालन सजवले कोणी? राजपुत्राने स्वतः. साथीला बाहेर कोंडून आत आलेल्या माणसाने आपल्या हौसेने, आपल्या पैशाने, साथीच्या रंगाचे दालन घरात बांधून घेतले. पश्चिमेच्या भिंतीशी आबनुसी घड्याळ उभे केले आणि दर तासाला त्याचा ठोका पडला की वादक थांबतात, नाचणाऱ्यांचे चेहरे उतरतात, अशी सोयही करून ठेवली. त्यामुळे मध्यरात्री रक्ताने माखलेल्या कफनातली ती आकृती गर्दीत दिसते, तेव्हा ती आली कुठून असा प्रश्न कथेत कोणालाच पडत नाही. जोडलेल्या कड्या शाबूत आहेत. कोणी तट चढून आलेले नाही. राजपुत्र खंजीर घेऊन तिच्या मागे निळ्या दालनापासून काळ्या दालनापर्यंत धावतो आणि तिथे कोसळतो. लोक त्या आकृतीला धरायला जातात तर कफनाच्या आत धरण्यासारखे काही नसते. पोने इथे जुन्या सांगाड्याला पोकळ करून टाकले आहे. होल्बाइनच्या चित्रात कफनाखाली निदान हाडे होती.

त्याच वर्षी जानेवारीत पोची तरुण पत्नी व्हर्जिनिया गाता गाता रक्त ओकली होती; तो क्षय होता आणि पाच वर्षांनी, १८४७ च्या जानेवारीत, ती गेली. लाल रंगाचा उगम तिथे शोधणारे अनेक आहेत. मला तो संबंध नाकारायचा नाही, पण त्यावर कथा संपवायचीही नाही. त्या घरात रोग बाहेरून येण्याचा प्रश्नच उरला नव्हता, तो आधीच आत होता, एवढे मात्र त्यातून दिसते.

भिंत मृत्यूला बाहेर ठेवत नाही, हे एक झाले. दुसरी बाजू अशी की भिंत मृत्यूला आतही नीट ठेवत नाही. १८३९ ची ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही त्या दुसऱ्या बाजूची कथा. रॉडरिक अशर आणि त्याची जुळी बहीण मॅडेलिन हे घराण्यातले शेवटचे दोघे. बहिणीला शरीर ताठून निश्चेष्ट होण्याचा विकार आहे. ती मेली असे ठरते, आणि भाऊ तिला लगेच पुरत नाही. पंधरा दिवस घराखालच्या तळघरात ठेवायचे म्हणतो. ते तळघर तांब्याच्या पत्र्याने मढवलेले, त्याचे लोखंडी दार प्रचंड जड, आणि नेमके पाहुणा म्हणून आलेल्या निवेदकाच्या झोपायच्या खोलीखाली. झाकणाचे स्क्रू आवळण्यापूर्वी दोघांना तिच्या गालांवर हलकी लाली दिसते. तरी ते स्क्रू आवळतात.

वादळाच्या रात्री रॉडरिक जे कबूल करतो, ते या कथेचे मर्म आहे. आपल्याला तिची पहिली हालचाल कित्येक दिवसांपूर्वीच ऐकू आली होती, आणि बोलायचे धाडस झाले नाही, असे तो सांगतो. म्हणजे भय मुळात मेलेल्या बाईचे नाहीच. ती जिवंत आहे हे कळूनही दार न उघडणाऱ्याचे ते भय आहे. तांबे, लोखंड, स्क्रू या सगळ्यांपेक्षा त्या मौनाची भिंत जाड होती. म्हणून मॅडेलिन दारात उभी राहते, भावाच्या अंगावर कोसळते आणि दोघे एकदमच मरतात, तेव्हा घरही उभे राहू शकत नाही. छतापासून पाण्यापर्यंत नागमोडी गेलेली बारीक फट निवेदकाने पहिल्याच संध्याकाळी पाहिलेली असते.

आपल्या वाचकाला इथे थोडे थांबावे लागते. आपल्या भुताखेतांच्या गोष्टी बहुधा घराबाहेर घडतात: पिंपळावरचा मुंजा, विहिरीतली हडळ, वेशीबाहेरचा वेताळ. ज्या समाजात बहुतेकांचा देह त्याच दिवशी अग्नीला दिला जातो, तिथे झाकणाखाली काय चालले असेल ही शंका मूळ धरत नाही. पोच्या जगात देह राहतो. आणि त्या काळी तो खरोखर मेला की नाही, याची खात्री डॉक्टरांनाही नेहमी देता येत नसे. १७९० च्या दशकात जर्मनीतल्या वायमार गावी हूफेलांड या वैद्याच्या पुढाकाराने एक शवगृह उभे राहिले. प्रेत कुजण्याची चिन्हे दिसेपर्यंत ते तिथे ठेवायचे आणि मगच पुरायचे, अशी ती व्यवस्था होती. लॅनेक या डॉक्टरने स्टेथोस्कोप शोधला तो १८१६ साली. तरीही १८९६ मध्ये लंडनमध्ये जिवंतपणी पुरले जाणे टाळण्यासाठी एक रीतसर संस्था स्थापन झाली. भीती किती टिकाऊ होती, ते यावरून कळते.

शिवाय याच दशकांत मृतांना शहराबाहेर हलवण्याचे काम चालू होते. पॅरिसने १७८६ पासून जुन्या दफनभूमीतली हाडे उकरून जमिनीखालच्या खाणींत रचायला सुरुवात केली. १८०४ मध्ये तिथे पेर लाशेझ ही दफनभूमी उघडली, १८३१ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न. चर्चच्या अंगणात, रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असलेली थडगी हळूहळू झाडीत, टेकड्यांवर, दूर गेली. समाजानेच एक लांबलचक भिंत घातली. गॉथिक कथा ही त्या भिंतीच्या अलीकडून लिहिलेली आहे, आणि कान तिचे पलीकडे लागलेले आहेत.

पोने ‘द प्रीमॅच्युअर बरिअल’मध्ये, १८४४ साली, ही भीती शेवटपर्यंत नेऊन पाहिली. या कथेचा निवेदक आपल्या घराण्याच्या थडग्यात आतून ओढता येणारी तरफ बसवतो, हवा-उजेडाची सोय करतो, पेटीजवळ अन्नपाणी ठेवायची जागा करतो, झाकणाला स्प्रिंग लावतो आणि घंटेची दोरी प्रेताच्या हातात बांधता यावी म्हणून पेटीला भोकही पाडतो. जिवंत माणूस स्वतःच्या थडग्याची डागडुजी करतो आहे. मग एका रात्री तो एका लहान जहाजाच्या अरुंद फळीवर जागा होतो, लाकूड डोक्याशी लागते आणि तो किंचाळतो. पुरले गेल्याची खात्री झालेला तो क्षणच त्याला बरे करतो. कथा इथे भीतीच्या बाजूने उभी राहत नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

‘द टेल-टेल हार्ट’ आणि ‘द ब्लॅक कॅट’, दोन्ही १८४३ च्या, यांत खुनी प्रेत लपवतो. पहिल्यात फरशीच्या फळ्यांखाली, दुसऱ्यात तळघराच्या भिंतीत. पोलीस येतात, त्यांना काही सापडत नाही. मग पहिला त्या फळ्यांवरच खुर्ची मांडून बसतो, दुसरा नेमक्या त्याच भिंतीवर काठीने ठोकून तिच्या मजबुतीची तारीफ करतो. भिंत कोणी बाहेरचा फोडत नाही. बांधणाराच तिला हात लावल्याशिवाय राहू शकत नाही. या दोन कथांबद्दल एवढे पुरे, कारण १८४६ च्या ‘द कास्क ऑफ अमोंतियाडो’ने हा नियमच मोडला आहे आणि ती कथा मला पोच्या सगळ्या कथांत सर्वाधिक भयंकर वाटते.

कार्निव्हलची संध्याकाळ. मॉन्ट्रेसर आपला शत्रू फॉर्च्युनाटो याला दुर्मीळ मद्याचे आमिष दाखवून घराण्याच्या भुयारी दफनघरात नेतो. फॉर्च्युनाटोने विदूषकाचा वेष घातला आहे, टोपीला घुंगरू. भिंतींवर सोऱ्याचे पांढरे जाळे, हवा ओली, त्याला खोकल्याची उबळ येते. मॉन्ट्रेसर वारंवार म्हणतो, परत फिरू या, तुझ्या प्रकृतीला हे बरे नाही. फॉर्च्युनाटो म्हणतो, मी काही खोकल्याने मरणार नाही. ते खरे आहे असे दुसरा उत्तरतो. पुढे फॉर्च्युनाटो फ्रीमेसन मंडळाची एक गुप्त खूण करतो आणि मॉन्ट्रेसर आपणही त्यांच्यातले आहोत म्हणून झग्याखालून गवंड्याची थापी काढून दाखवतो. हातातले हत्यार समोर धरूनही समोरच्याला ते दिसत नाही.

शेवटच्या कोठडीत हाडांचा ढीग आहे, पॅरिसच्या खाणींतल्यासारखा रचलेला. त्या हाडांखाली मॉन्ट्रेसरने दगड आणि चुना आधीच दडवून ठेवले आहेत. चार फूट खोल, तीन फूट रुंद अशा कोनाड्यात तो शत्रूला साखळीने जखडतो आणि एकामागून एक थर रचू लागतो. अकरा थर. पो ते थर मोजतो, आणि प्रत्येक थराला आतला आवाज बदलतो: आधी कण्हणे, मग साखळीचा खडखडाट, किंकाळ्या, केविलवाणे हसू, विनवणी, आणि शेवटी नुसते घुंगरू. भिंत पुरी झाल्यावर मॉन्ट्रेसर तिच्यापुढे जुनी हाडे पुन्हा रचून ठेवतो.

इतर कथांत भिंत मृत्यूला लपवते. इथे मृत्यूच्या खुणा भिंतीला लपवतात. कवटी आणि हाडे, म्हणजे पाठ्यपुस्तकातली सगळी प्रतीके, इथे केवळ पडदा आहेत. त्यांच्यामागे खरी गोष्ट आहे, आणि ती म्हणजे ताजा चुना. शिवाय ही भिंत टिकली. पन्नास वर्षांनी मॉन्ट्रेसर ही हकिगत कोणातरी जवळच्याला सांगतो आहे आणि त्या हाडांना तोवर कोणी हात लावलेला नाही. इथे ठोकणारी काठी नाही, धडधडणारे हृदय नाही. मात्र त्याला एकेक थर, एकेक आवाज पाठ आहे. अर्ध्या शतकात त्याने काहीच विसरलेले नाही. फॉर्च्युनाटो एका रात्रीत मेला असेल. मॉन्ट्रेसर अजून त्या भिंतीसमोर थापी घेऊन उभा आहे.

नॅथॅनिएल हॉथॉर्नने याच्याही आधी, १८३६ मध्ये, भिंत एवढी पातळ करून दाखवली की ती श्वासाने हलावी. ‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल’मधला हूपर हा धर्मोपदेशक एका रविवारी कपाळापासून हनुवटीच्या वरपर्यंत काळे कापड लावून चर्चमध्ये येतो. कारण सांगत नाही. दुपारी एका तरुणीच्या अंत्यविधीला तेच कापड सगळ्यांना शोभून दिसते. रात्री एका लग्नात तेच कापड वधूला थरकाप आणते. कापड बदललेले नाही, भोवतीचा प्रसंग बदलला आहे. मरणाची जी जाणीव आपण स्मशानातच सोडून घरी येतो, ती हूपरने चेहऱ्यावर वागवली. वाग्दत्त वधू एलिझाबेथ एकदाच ते उचलायला सांगते, तो नाही म्हणतो, ती निघून जाते. मरणशय्येवरही तो दोन्ही हातांनी ते कापड घट्ट धरून ठेवतो आणि प्रत्येकाच्या तोंडावर असाच पडदा आपल्याला दिसतो असे सांगून जातो. पोची माणसे मृत्यूला दूर ठेवण्यासाठी बांधतात; हूपर त्याला जवळ ठेवण्यासाठी. एकटेपणा मात्र दोघांच्याही वाट्याला तोच येतो. हॉथॉर्नचा हा धडा मला पोपेक्षाही कठोर वाटतो.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या १९०२ च्या ‘द मंकीज पॉ’मध्ये हीच भिंत दाराची कडी होऊन येते. हिंदुस्थानातून परतलेला एक सार्जंट मेजर कोणा फकिराने मंत्रलेला माकडाचा वाळका पंजा व्हाइट कुटुंबाच्या घरी सोडून जातो. तीन इच्छा. पहिली दोनशे पौंडांची, आणि मुलगा हर्बर्ट कारखान्यातल्या यंत्रात सापडून मरतो तेव्हा भरपाई म्हणून तेवढेच पौंड मिळतात. काही दिवसांनी आई हट्टाने दुसरी इच्छा मागायला लावते. मग रात्री दारावर थाप पडते. आई धावते, साखळी काढते, खालची कडी सरकवते, वरची हाताला लागत नाही म्हणून खुर्ची ओढते. बापाने मुलाचा देह पाहिलेला आहे. तो अंधारात पंजा चाचपडतो आणि तिसरी इच्छा पुटपुटतो. थाप थांबते.

आतापर्यंतच्या कथांत दार बंद करणारा दोषी होता. इथे कोण बरोबर? आईला दार उघडायचे आहे, कारण बाहेर कोणीही असले तरी ते तिचे लेकरू आहे. बापाला बंद ठेवायचे आहे, आणि तेही प्रेमानेच. त्या वरच्या कडीच्या दोन बाजूंना क्रौर्य नाही, भ्याडपणा नाही. दोन्हीकडे माया आहे. जेकब्सने बाहेर काय होते ते दाखवले नाही. आई दार उघडते तेव्हा रस्ता रिकामा असतो. ती आयुष्यभर त्या कडीचा हिशेब नवऱ्याकडे मागत राहील, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आणि मग विल्यम फॉकनरची १९३० ची ‘अ रोज फॉर एमिली’. अमेरिकेच्या दक्षिणेतले जेफर्सन हे गाव, मिस एमिली ग्रीअरसन, पडके होत आलेले जुने घर. बाप मेल्यावर ती तीन दिवस तो मेलाच नाही असे सांगत राहते, तेव्हाच गावाला पुढचे कळायला हवे होते. होमर बॅरन नावाचा उत्तरेकडचा मुकादम तिच्याबरोबर दिसू लागतो; ती सोमल विकत घेते; होमर दिसेनासा होतो. घरातून दुर्गंधी येऊ लागते. गावातले चार जण रात्री चोरासारखे जाऊन तळघरात आणि आवारात चुना टाकून येतात, कारण एका कुलीन बाईला तुमच्या घरातून वास येतो असे तोंडावर कसे सांगायचे. मॉन्ट्रेसरने चुना वापरला तो एकट्याने. इथे तो सगळ्या गावाच्या संमतीने पडतो.

वरच्या मजल्यावरची एक खोली चाळीस वर्षे कोणी पाहिलेली नाही, हे गावाला माहीत असते. एमिलीला रीतीप्रमाणे पुरून झाल्यावरच लोक ते दार फोडतात. आत लग्नासाठी सजवलेली खोली, धुळीने भरलेली. पलंगावर होमरचे जे काही उरले ते. शेजारच्या उशीला डोक्याचा खळगा आणि त्यात एक लांब, लोखंडी करडा केस. होमर नाहीसा झाला तेव्हा तिचे केस करडे नव्हते. ते पुढच्या वर्षांत हळूहळू झाले. म्हणजे खून करून दार लावून ती निघून गेली नाही. ती त्या दारातून वर्षानुवर्षे आत-बाहेर करत राहिली. प्रॉस्पेरोपासून चालत आलेल्या बांधकामात ही पहिली भिंत आहे जिच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस राहिला.

फॉकनरने ही हकिगत ‘आम्ही’ या तोंडाने सांगितली आहे. त्या आम्हीला वास आला होता, सोमलाची खरेदी माहीत होती, बंद खोलीची वर्षे मोजता येत होती. कोणी विचारले नाही, तेव्हा त्या खोलीला बाहेरूनही कडी होती, आणि ती जेफर्सनने धरून ठेवली होती.